मे महिन्यात पचमढीच्या धबधब्याला पाणी येतं कुठून?

उन्हाळ्यात पचमढीच्या धबधब्याला पाणी असतं का, असं तुम्ही विचारलंत. हो, असतं. मे महिन्याच्या अखेरीस, नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असतो तेव्हाही पचमढीच्या जमुना प्रपाताला धार असते. ऑगस्टमधला तो आवाज, ते तुषार नसतात. पाणी बारीक होऊन कड्याच्या एका अंगाने उतरतं, पण तुटत नाही.

तुम्ही लिहिलंय की मागच्या पावसाळ्यात चिखलदऱ्याला भीमकुंडाचा धबधबा डोळे भरून पाहिला आणि जानेवारीत हौसेने पाहुण्यांना घेऊन गेलात, तर तिथे नुसता काळा कडा उभा. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत सासू-सासरे आणि दोन मुलांना घेऊन पचमढीला दोन दिवस जायचंय. तिथेही असाच पोपट होईल का, आणि तिथल्या फोटोंत दिसणारे लाल, थराथराचे खडक नेमके काय आहेत, असं विचारलंय. नागपूरच्या कॉलेजांत भूशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि जवळजवळ दरवर्षी मुलांची एक तुकडी घेऊन मी सातपुड्यात गेलो. त्या अनुभवावर सांगतो, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच दगडात आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर मी टेबलावर दोन दगड ठेवायचो. एक काळा बेसाल्ट, सीताबर्डीच्या टेकडीचा असतो तसा, रस्त्याच्या कामावर गिट्टी म्हणून आपण रोज पाहतो तो. दुसरा कामठीकडच्या सिल्लेवाड्याचा तांबूस-पिवळा वालुकाश्म. दोन्हींवर ड्रॉपरने एकेक थेंब पाणी टाकायचं. बेसाल्टवर थेंब मण्यासारखा उभा राहतो, चमकतो, दगड कलता केला की ओघळून जातो. वालुकाश्मावरचा थेंब पाच आकडे मोजेपर्यंत पसरतो, चपटा होतो आणि नाहीसा होतो. मागे राहतो फक्त ओला गडद डाग, आणि नाक जवळ नेलं तर पहिल्या पावसाचा वास. चिखलदरा आणि पचमढी यांच्यातला सगळा फरक त्या एका थेंबात आहे.

चिखलदरा गाविलगडच्या डोंगरावर आहे आणि तो डोंगर लाव्ह्याचा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, थंड झाले आणि त्यांचा हा काळा, घट्ट बेसाल्ट झाला. पाऊस पडला की बहुतेक पाणी अंगावरून निथळून जातं. बेसाल्ट अगदीच कोरडा असतो असं नाही. त्याच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या पोकळ भागांत पाणी साठतं, विदर्भातल्या कितीतरी विहिरी त्याच पाण्यावर चालतात. पण डोंगराच्या माथ्यावर, दरीच्या तोंडाशी, असं साठवलेलं पाणी थोडं आणि ते लवकर निघून जातं. म्हणून भीमकुंडाचा धबधबा पावसाचा सोबती. पाऊस असेपर्यंत गर्जतो आणि हिवाळा लागला की त्याचा आवाज बसत जातो. चिखलदऱ्याला पाऊस कमी पडतो अशातला भाग नाही. तिथला पाऊस डोंगराच्या पोटात थांबत नाही, एवढंच.

पचमढीचा डोंगर मात्र वाळूचा आहे. शेकडो मीटर जाडीचा वालुकाश्म, आणि त्यावर दरसाल नागपूरच्या जवळजवळ दुप्पट पाऊस. पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने हा दगड पाणी पीत राहतो. कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून, उभ्या भेगांतून पाणी खाली खाली मुरत जातं आणि मग पुढचे कित्येक महिने तो डोंगर ते पाझरत राहतो. घरातला नवा माठ आठवा. पाणी आत असतं आणि बाहेरून त्याच्या अंगाला ओल फुटते. स्टीलच्या गुंडाला कधी अशी ओल फुटलेली पाहिलीत का? तुम्ही मेमध्ये जमुना प्रपाताखाली ओंजळ धराल, तेव्हा त्यात बहुतेक करून मागच्या पावसाळ्याचं पाणी असेल. ढगातून पडल्यापासून तुमच्या ओंजळीत येईपर्यंत ते एवढे महिने दगडाच्या आत चालत होतं.

हे मुलांना दाखवायचं असेल तर सगळ्यात चांगली जागा धबधबा नाही, बडा महादेव. आपल्याकडची जुनी माणसं पचमढीला जाणं म्हणतच नाहीत, ‘महादेवाला जाणं’ म्हणतात, तोच हा महादेव. तिथल्या गुहेच्या छतातून बारमाही पाणी ठिबकतं. भर उन्हाळ्यात बाहेर पाचोळा करकरत असतो आणि आत तुमच्या मानेवर गार थेंब पडतो. सासूबाई हात जोडतील. तुम्ही मुलांना हळूच छताकडे बघायला सांगा. पाणी वाट्टेल तिथून पडत नाही. एखाद्या भेगेच्या रेषेवर, किंवा जिथे एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे थेंब ओळीने लटकलेले असतात.

बाहेर कड्यांवरही हीच खूण शोधायची. लाल-करड्या कड्यावर मध्येच एक आडवी हिरवी रेघ दिसते. पट्टीने आखल्यासारखी, कधी शंभर-दीडशे फूट लांब. जवळून पाहिलं की त्यात शेवाळ, हंसराज, छोटे नेचे, आणि खालचा दगड ओला, काळपट. ही रेघ म्हणजे वालुकाश्माखाली चिकणमातीचा पातळ थर आल्याची जागा. वरून मुरत आलेलं पाणी त्या मातीपाशी अडतं, खाली जाता येत नाही म्हणून आडवं चालतं आणि कड्यावर बाहेर डोकावतं. रोपांना ही जागा बरोबर कळलेली असते. मी आधी ती हिरवी रेघ दाखवायचो, कारण मुलांना विचारायचो आणि अर्धा तास काही बोलायचो नाही. कुणीतरी एक मुलगी किंवा मुलगा रेघेत बोट घालून ओला चिखल बाहेर काढायचा आणि ओरडायचा, ‘सर, इथे माती आहे!’ माझ्या नोकरीतला तो सगळ्यात आवडता क्षण होता, आणि तो दरवर्षी यायचा.

आता ही वाळू तिथे आली कशी, ते सांगतो. साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी, सातपुडा हा डोंगर नव्हताच तेव्हा, इथे एक लांबट खोलगट भाग होता, सावकाश खचत चाललेला. त्यातून रुंद पात्राच्या, अनेक धारांत फुटलेल्या नद्या वाहत होत्या. उन्हाळ्यात कन्हानचं पात्र पाहिलं असेल तुम्ही, वाळूचे पट्टे आणि त्यातून वाट काढणाऱ्या तीन-चार धारा. तसंच काहीसं चित्र, पण कितीतरी मोठं. नद्या वाळू आणत राहिल्या, जमीन खचत राहिली, थर साचत राहिले. वरच्या ओझ्याने आणि पाण्यात विरघळलेल्या सिलिकाने, लोहाने ते कण एकमेकांना चिकटले. लाल रंग आहे तो लोहाचा, म्हणजे गंजाचाच. कणाकणावर त्याचा पातळ लेप बसलेला असतो. त्या लाल वाळूत मध्येच गारगोटीचे गुळगुळीत खडे जडलेले दिसतील. ते नदीने गोल केलेले आहेत. एखादा खडा मुलाच्या बोटाखाली ठेवा. डायनोसोरांचं राज्य सुरू होण्याच्याही आधीच्या नदीने घासलेला तो दगड आहे.

या वाळूत त्या नद्यांची सहीसुद्धा सापडते. कड्याचे मोठे थर आडवे असतात, पण एकेका थराच्या आत बारीक रेघा तिरप्या असतात, वरच्या थरात एका कलाने तर खालच्यात जरा वेगळ्या. पात्रातला वाळूचा उंचवटा प्रवाहाबरोबर पुढे सरकताना त्याच्या उताराच्या बाजूला वाळू घसरत जाते, त्या घसरणीच्या या रेघा. रेघ ज्या बाजूला उतरते, त्या बाजूला ती नदी त्या दिवशी वाहत होती. पांडव गुंफांकडे चढताना, किंवा अप्सरा विहारच्या वाटेवर, हात लावता येईल इतक्या जवळ हे दिसतं. फोटो काढताना लोक याच रेघांसमोर उभे राहतात आणि पाठ करून उभे राहतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

या खडकांच्या कुळाचं नाव गोंडवाना. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत दक्षिणेकडच्या त्या जुन्या महाखंडाला जे नाव आहे, ते आपल्या या गोंडांच्या मुलखावरून गेलं आहे. भारतीय भूसर्वेक्षणातल्या मेडलिकॉट यांनी १८७२ साली इथल्या थरांसाठी हा शब्द वापरला आणि पुढे एड्युअर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने तो अख्ख्या खंडाला दिला. गोंड राजा बख्त बुलंद शहाने वसवलेल्या नागपुरात राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. आपल्या कामठीच्या नावानेही या कुळातला एक थर ओळखला जातो. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण त्यांनी नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म इतक्या आस्थेने गोळा केले की इथल्या भूशास्त्राचा पाया त्यांनीच घातला असं मी मानतो. १८६३ साली टाकळघाटजवळ ओढा ओलांडताना पुरात वाहून जाऊन ते गेले. पाण्याबद्दल पुढे मी थोडं कडक बोलणार आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पचमढीच्या कड्यांचे आकार कसे झाले, ते सांगायचं राहिलंच. वालुकाश्माला उभ्या भेगा पडतात, सरळ आणि खोल. ओढा पठारावर असतो तोवर निवांत असतो. सपाट दगडावरून, घोट्याएवढ्या पाण्यातून तो रमत येतो. एखादी मोठी भेग लागली की तिथून तो खाली उतरतो आणि ती भेग रुंद करत जातो. म्हणून इथल्या दऱ्या व्ही आकाराच्या, ऐसपैस नाहीत. अरुंद, उभ्या भिंतींच्या आहेत. त्यांना तिथे खोह म्हणतात. हांडी खोहच्या कठड्याशी उभं राहिलं की सुमारे तीनशे फुटांची उभी भिंत दिसते. खालचा मऊ थर पाण्याने पोखरला की वरचा जाड थर आधार सुटून एका भेगेवर सरळ तुटतो. कडा मागे सरकतो, पण उभाच राहतो. रजत प्रपात असाच साडेतीनशे फुटांच्या आसपास एका झेपेत पडतो. चिखलदऱ्याला लाव्ह्याच्या थरांमुळे बरेचदा पायऱ्यापायऱ्यांनी पाणी उतरताना दिसतं, इथे ते एकदम सुटतं.

कड्यांवर कुठे कुठे मधमाशांच्या पोळ्यासारखी लहान-लहान भोकं दिसतील, शेजारी शेजारी, बोट जाईल एवढी. (हांडी खोहच्या भिंतीला खरीखुरी आग्या मोहोळंही लटकलेली असतात, ती वेगळी. पचमढीच्या परिसरातल्या शैलाश्रयांत हजारो वर्षं जुनी चित्रं आहेत, त्यांत मध काढणारी माणसंही रंगवली आहेत. कडे तेच, माशा त्याच.) या भोकांची गोष्ट तुम्ही मुलांना नक्की सांगा, कारण तिचा संबंध त्यांच्या हातातल्या, कड्यावर नाव कोरू शकणाऱ्या किल्लीशी आहे. दगडाच्या आतलं पाणी पृष्ठभागाशी येऊन वाळतं तेव्हा त्यातलं लोह आणि सिलिका तिथेच राहतं. वर्षानुवर्षं असं होऊन दगडाला एक टणक कातडी येते. आतला दगड मात्र त्याच पाण्याने झिजून हळूहळू ठिसूळ झालेला असतो. कातडी शाबूत आहे तोवर कडा टिकतो. ती एका जागी फुटली की आतली वाळू सुटायला लागते आणि तिथे खळगा होतो.

एकदा सहलीत एका मुलाने कड्यावर नाव कोरलं. इंचभर उंचीची चार अक्षरं, पेनच्या टोपणाने. मी त्याला रागावलो नाही. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला तेव्हा त्याला त्याच जागी घेऊन गेलो. अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांच्या जागी तळहाताएवढा खरवडलेला, फिकट डाग होता आणि खाली चिमूटभर ताजी वाळू पडलेली होती. त्याने वाळू उचलून हातावर घेतली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. आज तो खाणकामाच्या क्षेत्रात आहे आणि अजूनही कधी भेटला की ती वाळू आठवतो. हजारो वर्षांत आलेली ती कातडी आपल्या हयातीत परत येत नाही.

म्हणून मला हे जंगल राखीव आहे याचं फार समाधान वाटतं. पचमढीच्या शेजारचं बोरीचं जंगल १८६५ साली राखीव झालं, देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी ते एक. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि उन्हाळ्यात कारभार पचमढीला हलायचा. कॅप्टन फोर्सिथ यांनी १८६२ मध्ये तिथे बायसन लॉज बांधलं, ते आजही उभं आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झालं, पुढे ते व्याघ्र प्रकल्पात आलं, १९९९ मध्ये पचमढी जीवावरण राखीव क्षेत्र घोषित झालं आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. लोकांना वाटतं ही सगळी राखण वाघासाठी. वाघासाठी आहेच, पण त्या धबधब्यासाठीही आहे. पाऊस सरळ उघड्या दगडावर आपटला तर बराचसा वाहून जाईल. तो आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यावर, मग मुळांनी सैल केलेल्या मातीत शिरतो आणि मग सावकाश दगडाला पोचतो. पाचोळा हटवा, वरची झाडी तोडा, माती तुडवून टणक करा, आणि बघा, तोच वालुकाश्म तहानलेला राहील आणि मेमधली ती धार तुटेल.

झाडंसुद्धा खडक ओळखतात, हे मेळघाट पाहिलेल्या माणसाला पचमढीत लगेच कळेल. मेळघाटात लाव्ह्यावर सागच साग. पचमढीच्या पठारावर वालुकाश्मापासून झालेल्या रेताड, ओलसर मातीत साल उभा आहे. मेमध्ये मेळघाटचा साग निष्पर्ण, करडा असतो आणि इकडे साल कोवळ्या पालवीत हिरवा. दऱ्यांच्या तळाशी, जिथे ऊन जेमतेम तासभर पोचतं, तिथे वृक्षनेचे आहेत, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे. वनस्पतिशास्त्राचे आमचे सहकारी सायलोटम नावाच्या एका अगदी आदिम वनस्पतीसाठी मुलांना इथे आणायचे आणि खडकाच्या फटीत ती सापडली की लहान मुलासारखे हरखायचे. शेकरू दिसतं. सकाळी लवकर गेलात तर ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर ऐकू येईल, माणूस शीळ घालतोय असंच वाटतं. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडलं होतं की हिमालयाकडचे काही जीव सातपुड्याच्या या ओल्या दऱ्यांच्या वाटेने सह्याद्रीत पोचले असावेत. वेगवान ओढ्यांत दगडाला चिकटून राहणाऱ्या माशांवरून त्यांना हे सुचलं. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण खोहमध्ये उतरून त्या गार, ओल्या सावलीत उभं राहिलं की होरांना असं का वाटलं असेल ते कळतं.

आता तुमच्या दोन दिवसांबद्दल. जिप्सीवाले तुम्हाला एका दिवसात दहा-बारा पॉइंट दाखवायला तयार असतील. त्यांचंही पोट आहे, पण माझं ऐकाल तर एवढे घेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळी लवकर जमुना प्रपात. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत आणि चढून परत यायचंय, तेव्हा सासू-सासऱ्यांना वरच्या ओढ्याकाठी सावलीत बसवा. सोबत पाणी, खायला काहीतरी आणि एक माणूस. मुलांना घेऊन खाली जा आणि निदान दोन तास तिथेच राहा. पहिली पंधरा मिनिटं मुलं भिजतील. मग कंटाळतील. आणि मग बघायला लागतील. दोन तास म्हणतोय ते यासाठी. धार जिथे कड्यावरून सुटते तिथला दगड आणि जिथे आपटते तिथला दगड यांचा रंग वेगळा का, पाण्याच्या दोन्ही बाजूंना शेवाळ किती वरपर्यंत आहे, म्हणजे पावसाळ्यात पाणी कुठवर पसरत असेल, हे विचारा. उत्तर सांगू नका. एक विनंती, साबण, शांपू काही नको. त्या ओढ्याचं पाणी गावाला प्यायला जातं.

दुपारी ऊन टाळून बडा महादेव. तिथे वाहन जवळपर्यंत जातं, चालणं थोडं आहे, मोठ्यांना त्रास होणार नाही. गुप्त महादेवाची फट फार अरुंद आहे. श्वासाचा त्रास असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. जटाशंकरला पायऱ्या उतरायच्या आहेत, पण सावकाश उतरता येतात आणि ती जागा चुकवू नये अशी आहे. कड्यावरून सुटलेल्या अवाढव्य शिळा घळीत अडकून बसल्यात आणि आपण त्यांच्या खालून चालतो. वर मी सांगितलं ना, आधार सुटला की थर तुटतो, ते इथे डोक्यावरच दिसतं. चौरागडाच्या हजारावर पायऱ्या मात्र मेच्या उन्हात मोठ्यांना नकोत. नागपंचमीच्या आधी नागद्वारीची वाट दहा-बारा दिवस उघडते तेव्हा आपल्याकडून हजारो लोक त्या दऱ्यांतून चालत जातात. मुलं मोठी झाली की एकदा ती वाट जरूर करा, पावसातला वालुकाश्म तिथे दिसतो.

दुसऱ्या दिवशी अप्सरा विहार, आणि तिथून रजत प्रपात दिसतो त्या जागेपर्यंत चालत. दगडांवरून चालायचंय, चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत. मेमध्ये रजत प्रपात चांदीच्या बारीक तारेएवढाच असेल, हे आधीच सांगून ठेवतो. पण पाणी कमी असतं तेव्हा कडा पूर्ण दिसतो, आणि माझ्या मते हा कडा त्या प्रपाताइतकाच बघण्यासारखा आहे. संध्याकाळी धूपगड. १३५२ मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, वाहन वरपर्यंत जातं. मावळतीचं तिरपं ऊन पडलं की समोरच्या कड्यांतला एकेक थर वेगळा सुटून दिसतो, अगदी कापलेल्या सुरळीच्या वडीसारखा.

आणि पाण्याबद्दल कडक बोलायचं होतं ते हे. एका सप्टेंबरात आम्ही वीस जण एका ओढ्याच्या पात्रात डबे खात बसलो होतो. डोक्यावर निळं आभाळ. मला आधी पाण्याचा रंग बदललेला दिसला, गढूळ चहासारखा, मग त्यावरून पानं-काटक्या येऊ लागल्या. डबे तिथेच टाकायला लावून मी सगळ्यांना वर काढलं. पाव तासात आम्ही बसलो होतो ते दगड पाण्याखाली होते. पाऊस पठारावर, आमच्या नजरेआड पडला होता. पठारावरचा उघडा, सपाट दगड एकदम जोरात आलेला पाऊस पिऊ शकत नाही, तो सगळा ओढ्यात लोटतो. मेमध्येही वळवाचा पाऊस होतो. पाणी गढूळ झालं, पाचोळा आला, आवाज वाढला, या तिन्हींपैकी एक जरी जाणवलं तरी सामान न आवरता वर या. ओल्या दगडावरचं काळसर-हिरवं शेवाळ तेलासारखं असतं, मुलांना त्यावर पाय ठेवू देऊ नका. आणि डोहात उडी नाही. तळाशी वरून पडलेल्या शिळा असतात, त्या पाण्यात दिसत नाहीत.

जाताना सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया असाच जा. पिपरियापर्यंत रेल्वेने जाऊन तिथून पन्नास-एक किलोमीटर वर चढता येतं, पण रस्त्याने गेलात तर खडक एकामागून एक स्वतःच ओळख करून देतात. सावनेरला कोळसा आहे, तो याच गोंडवाना कुळातला. सौंसरच्या नावाने ओळखले जाणारे खडक फार जुने, संगमरवर आणि मँगनीजचे. आपल्याकडे मनसरला ज्या मँगनीजच्या खाणी आहेत त्या त्याच खडकांत. छिंदवाड्याच्या आसपास पुन्हा काळा लाव्हा. परासियाला कोळसा, आणि तामियाला एकदम जमीन संपते. समोर पातालकोटच्या बाजूची दरी आणि पलीकडे पचमढीचे लाल कडे. छिंदवाड्याच्या पठारावर कुठेतरी तुम्ही पाण्याची सीमाही ओलांडलेली असते. अलीकडचं पाणी पेंच, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं. तुमच्या घरच्या नळाला येतं ते हेच पाणी. पलीकडचं पाणी डेनवेतून तवेत, तवेतून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. मटकुलीला डेनवा लागेल, पुलाच्या आधी गाडी बाजूला घेऊन मुलांना पात्रातली वाळू दाखवा. वरचा कडा झिजून जी वाळू सुटते, तिच्यातली काही इथे येते. एकदा २४ कोटी वर्षांपूर्वी नदीतून आलेली वाळू पुन्हा नदीतून निघालीय.

परतताना तामियाला संध्याकाळी चार-साडेचारच्या सुमारास पोचाल असं बघा. तेव्हा ऊन कड्यांवर असतं, आणि दरीत सावली भरायला लागलेली असते.